लेखणीची दक्षिणा

देवळाच्या सभामंडपात ज्याचे बाळपण गेले त्याला ‘दक्षिणा’ ह्या शब्दाचा अर्थ कोशात पाहावा लागत नाही. अभिषेक आटोपला, पारायण संपले, पुरोहिताच्या हातावर तुळशीपत्रासह द्रव्य ठेवले, की कर्म सांग झाले. परंतु ह्याच शब्दाला गेल्याच्या मागील शतकात पुण्यात जे वळण मिळाले, त्याची हकीकत आमच्या वाचकांपैकी थोड्यांच्याच कानावर आली असेल. त्या वळणावर दक्षिणेचा पैसा लेखणीकडे गेला. गरीब विद्यार्थ्याने लिहावे, त्याचा मोबदला घ्यावा व त्यावर शिकावे, ही आज अगदी साधी वाटणारी गोष्ट मराठी समाजाच्या अंगवळणी कशी पडली, ह्याचा शोध घेऊ लागलो म्हणजे आम्हाला प्रथम ह्या दक्षिणेपाशीच थांबावे लागते.

सेनापती खंडेराव दाभाडे ह्यांनी तळेगावास श्रावणमासी ब्राह्मणांस दक्षिणा वाटण्याचा प्रघात पाडला. 1731 साली डभईच्या लढाईत त्र्यंबकराव दाभाडे पडल्यावर तो प्रघात पेशव्यांनी आपल्याकडे घेतला, आणि पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात देशोदेशींचे वैदिक व शास्त्री जमू लागले. विद्वानांची परीक्षा होई व योग्यतेप्रमाणे रक्कम ठरे, हे खरे. पण जमलेल्या गर्दीतील मोठ्या भागाची योग्यता जन्मानेच ठरलेली असे. 1818 साली पेशवाई बुडाली. कंपनी सरकारने दक्षिणा एकदम मोडली नाही, तिला कात्री लावली. तिच्यातून 1821 साली विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. पुढे नवी नावे दाखल करणे बंद झाले व शिल्लक शिक्षणाकडे जाऊ लागली.

1849 साली पुण्यातील काही तरुणांनी सरकारकडे अर्ज केला. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख ह्यांचा त्या चळवळीत पुढाकार होता. मागणी अशी, की दक्षिणेतील काही रक्कम मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यास बक्षीस म्हणून द्यावी, आणि देताना लेखकाची जात पाहू नये. पुण्यात केवढा गहजब झाला असेल ह्याची कल्पना आमच्या देवस्थानांतील मानपानाचे तंटे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना सहज येईल. जोतीराव फुले त्या वेळी बावीस वर्षांचे होते. ते ह्या तरुणांच्या बाजूने उभे राहिले. 1851 साली दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली.

आम्ही पडलो वकील; आम्हाला ह्या घटनेत एक कायद्याचा मुद्दा दिसतो. दानाला मोबदला लागत नाही, पात्र लागते. आणि ते पात्र कोण, हे दाता ठरवितो. करार मोबदल्यावाचून उभाच राहत नाही. तेथे माणूस कोण आहे हे गौण ठरते, त्याने काय दिले ते मुख्य. 1849 च्या अर्जदारांनी दानाच्या रकमेला कराराचे तत्त्व लावू पाहिले. पैसे तेच, सरकारी तिजोरीही तीच. घेणाऱ्याने मात्र आता हात पसरावयाचा नव्हता, हस्तलिखित पुढे करावयाचे होते.

विद्यार्थ्याच्या दृष्टीने हा फरक केवढा होता, हे कळण्यास त्या काळच्या विद्यार्थ्याचे जेवण पाहिले पाहिजे. पुण्यात काय, बेळगावात काय, इंदूर-ग्वाल्हेरीच्या दक्षिणी आळ्यांत काय, गरीबाच्या मुलाला शिकावयाचे तर दोन वाटा होत्या. एक माधुकरी: झोळी घेऊन घरोघर जावयाचे व मिळेल ते एकत्र कालवून खावयाचे. दुसरी वार: सात घरे, सात दिवस. ह्या चालीला नावे ठेवण्याचे आमच्या मनात नाही. तिने हजारो मुले शिकली आणि कित्येक माउल्यांनी परक्या लेकराला आपल्या मुलाच्या पंक्तीला बसविले. पण वाराच्या घरी दळणकांडणापासून बाजारहाटापर्यंत पडेल ते काम मुकाट्याने करावे लागे, घरच्या धन्याच्या मताविरुद्ध मत असून चालत नसे, आणि एखादे घर बिनसले की आठवड्यातील तो वार उपाशी जाई. शिवाय ही सोय मुख्यतः ब्राह्मणाच्या मुलाची. इतरांना तीही नव्हती. पुढे इंग्रजी शाळा आल्या तशी शिकवण्यांची तिसरी वाट निघाली. महर्षी कर्वे मुंबईस शिकत असता शिकवण्यांवरच राहिले. चौथी वाट वर्तमानपत्राची, आणि तिचा विचार करताना गोपाळ गणेश आगरकरांचेच नाव आधी घ्यावे लागते.

आगरकरांचा जन्म 1856 सालचा, कऱ्हाडजवळील टेंभू गावचा. घरची परिस्थिती अशी, की कऱ्हाडास इंग्रजी तीन इयत्ता होतात न होतात तोच कचेरीत उमेदवारी व दवाखान्यात कंपाउंडरकी करावी लागली. शिक्षणासाठी रत्नागिरी गाठली. तेथेही जम बसेना. शेवटी अकोल्यास नातलगांकडे राहून 1875 साली ते मॅट्रिक झाले. तेथे विष्णु मोरेश्वर महाजनी ह्यांच्यासारखे शिक्षक त्यांना लाभले आणि ‘वऱ्हाड समाचार’ पत्रात लिहिण्याची सवय लागली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले तेव्हा त्यांच्याजवळ भांडवल म्हणावे असे एवढेच होते. शिष्यवृत्ती, वक्तृत्वाची बक्षिसे आणि वर्तमानपत्री लेखांचा मोबदला, ह्या तीन आधारांवर त्यांनी कॉलेजातील वर्षे काढली. अंगात एकच सदरा. तो रात्री धुऊन सकाळी घालावयाचा, ही हकीकत मराठी शाळांतील मुलांना पाठ असते. पण त्या सदऱ्याचे एवढे कौतुक करणारे लोक त्या लेखांकडे मात्र लक्ष देत नाहीत, ह्याचे आम्हाला नवल वाटते. गरिबी पुष्कळांच्या वाट्याला आली होती. ती लिहून निभावून नेणारे थोडे होते.

परीक्षेच्या फीची नड पडली तेव्हा आगरकरांनी एक नाटक लिहून विकण्याचा घाट घातला होता, असे सांगतात. ही गोष्ट केरूनाना छत्रे ह्यांच्या कानी गेली. केरूनाना गणिताचे प्राध्यापक, ज्योतिषी, आणि विद्यार्थ्यांवर पुत्रवत प्रेम करणारे गृहस्थ. त्यांनी फीची सोय केली आणि विद्यार्थ्याला अभ्यासाला बसविले. केरूनानांच्या अंतःकरणाची थोरवी ह्यात आहेच. तथापि एका गोष्टीकडे आम्हाला बोट दाखवावेसे वाटते. नड पडताच ह्या तरुणाला सुचले ते कर्ज नव्हे की एखाद्या श्रीमंताचे दार नव्हे, तर नाटक. लेखणीतून पैसा निघू शकतो ही खात्री वऱ्हाडातील त्या लहानशा पत्राने त्याच्या मनात आधीच रुजविली असली पाहिजे.

1878 साली ते बी. ए. व 1880 साली एम. ए. झाले, 1881 साली ‘केसरी’ सुरू झाला तेव्हा संपादकाची जागा ह्याच हातात आली. 1882 साली कोल्हापूर प्रकरणात टिळकांबरोबर डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढावे लागले. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चे त्यांनी केलेले भाषांतर ‘विकारविलसित’ ह्या नावाने 1883 साली प्रसिद्ध झाले. विद्यार्थिदशेत फीसाठी राहून गेलेले नाटक अशा तऱ्हेने, निराळ्या रूपाने का होईना, मराठीला मिळाले असे कोणी म्हटले तर आम्ही वाद घालणार नाही. त्यांची मते आमच्या वाचकांपैकी अनेकांना त्या काळी रुचली नसती व काहींना आजही रुचणार नाहीत. परंतु ती मते इतक्या निर्भयपणे मांडणारा मनुष्य ऐन विद्यार्थिदशेत आपल्या लेखांच्या कमाईवर उभा होता, हा केवळ योगायोग होता असे आम्हाला वाटत नाही.

ह्या चित्राला दुसरीही बाजू आहे. राम गणेश गडकरी फर्ग्युसन कॉलेजात शिकत होते, पण गणिताने दगा दिला आणि कॉलेज सुटले. किर्लोस्कर मंडळीत मुलांना शिकविणे, ‘ज्ञानप्रकाश’च्या कचेरीत काम, ‘रंगभूमि’ मासिकात लेखन, असे त्यांचे दिवस गेले. मराठी रंगभूमीला त्यामुळे गडकरी मिळाले. गडकऱ्यांना मात्र पदवी मिळाली नाही, आणि 1919 साली सावनेर येथे अकाली मृत्यू आला. लेखणीला लागलेला विद्यार्थी पुस्तकाला मुकतो, ही वडीलधाऱ्यांची तक्रार अगदीच निराधार नसते.

आमच्याच अंगणातील एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. जीर्णोद्धार होतो, कलशारोहण होते, महाजनांची सभा स्मरणिका काढावयाचे ठरविते. क्षेत्राचा इतिहास लिहिणे, जुन्या सनदांची नक्कल करणे, कोकणीतील गाऱ्हाण्याचे मराठी करणे, मुद्रिते तपासणे, हे सारे काम कॉलेजात जाणाऱ्या एखाद्या हुशार मुलाच्या गळ्यात पडते. उत्सवाचे हिशेब आम्ही धंद्याच्या निमित्ताने पुष्कळ वेळा पाहिले आहेत. मांडववाल्याचे बिल असते, आचाऱ्याचे असते, छापखान्याचे तर असतेच. लिहिणाऱ्याच्या नावावर नारळ आणि शाल. देवाचे काम आहे, पैसे कसले, असे म्हणतात. मग आचारी काय राक्षसाचे काम करतो?

अशा विद्यार्थ्याला त्याचा कायदेशीर हक्कही ठाऊक नसतो. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या 17 व्या कलमान्वये लेखनाचा पहिला मालक सामान्यतः लेखकच असतो. पत्राच्या मालकाच्या नोकरीत राहून लिहिले असेल तर, उलट करार नसल्यास, तेवढ्या प्रकाशनापुरता हक्क मालकाकडे जातो. इतर बाबतींत तो लेखकाचाच. सुटे लेख पाठविणारा विद्यार्थी नोकर नव्हे. त्याने हक्क दुसऱ्यास द्यावयाचा तर 19 व्या कलमाप्रमाणे सहीनिशी लेख पाहिजे. तोंडी ‘घ्या, छापा’ म्हटल्याने मालकी जात नाही. आणि मुदत लिहिली नसेल तर 1994 च्या दुरुस्तीनंतर तो हक्क पाच वर्षांपुरताच दिला असे समजतात. शाल घेतल्याने ह्यात काही बदल होत नाही.

शेवटी गोव्याच्या एका सुपुत्राची हकीकत. धर्मानंद कोसंबी सांखवाळचे. ज्या सांखवाळच्या लक्ष्मीनृसिंहाला सोळाव्या शतकात स्थलांतर करून वेलिंगास जावे लागले, तेच हे गाव. 1876 साली जन्मलेले धर्मानंद 1899 साली बायको व तान्ही मुलगी मागे ठेवून संस्कृत शिकण्यासाठी पुण्यास निघाले. पुढे काशीस अन्नछत्रात जेवून त्यांनी अध्ययन केले. तेथून नेपाळ, बुद्धगया, आणि पाली भाषेसाठी सिंहलद्वीप. 1906 च्या सुमारास ते कलकत्त्यास पाली शिकवू लागले. विद्यापीठ महिना 250 रुपये देत होते. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी कळविले, की महाराष्ट्रात कोठेही राहा, दरमहा 50 रुपये मिळतील. अट एवढीच, की वर्षाला एक पुस्तक लिहून संस्थानाला द्यावे. कोसंबींनी 250 सोडून 50 पत्करले. अन्नछत्रात त्यांना जेवण मिळाले ते ब्राह्मण म्हणून. बडोद्याच्या पन्नास रुपयांना जन्माची अट नव्हती, आणि अभ्यास आपल्या मनाप्रमाणे, आपल्या माणसांत करावयास मिळत होता. ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ हे त्यांचे पुस्तक 1910 साली निघाले, आणि त्याच वर्षी विसुद्धिमग्गाच्या संपादनासाठी ते अमेरिकेस हार्वर्ड विद्यापीठात गेले.

दोनच वर्षांनी, 1912 साली, सयाजीरावांनी दोन लाख रुपये बाजूस काढले. त्यांच्या व्याजातून श्रीसयाजी साहित्यमालेची मराठी व गुजराती पुस्तके निघू लागली.