बूच, तार आणि टाकी

पायपर कब विमानाच्या नाकावर, पुढच्या काचेच्या जरा पुढे, एक पातळ तार उभी असते. पेट्रोलच्या टाकीच्या टोपणातून ती वर आलेली असते आणि तिचा शेंडा वाकवलेला असतो. टाकीच्या आत, तारेच्या खालच्या टोकाला बूच असतं. टाकी भरली की बूच तरंगत वर येतं आणि तार उंच दिसते. इंधन जळत जातं तशी तार खाली उतरते. शेंडा टोपणाला टेकला, की समजावं, उतरायची वेळ टळून गेली आहे.

मी विमानांची मेकॅनिक आहे. जुहूच्या हँगरात कामाला सुरुवात केली आणि आता पेनसिल्व्हेनियात जुन्या, कापडी पंखांच्या विमानांची देखभाल करते. इंजिनाबद्दल तासन्‌तास बोलणारे मालक मला रोज भेटतात. इंधनमापकाबद्दल क्वचितच कुणी विचारतं. म्हणून त्याचा इतिहास एकदा मांडून ठेवावासा वाटला.

सुरुवातीच्या काळात इंधनाचा हिशेब डब्यांत आणि तासांत व्हायचा. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन पस मॉथ विमानाने निघाले, तेव्हा अहमदाबादला त्यांच्यासाठी चार-चार गॅलनचे पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले होते. ते टाकीत रिकामे करून टाटा पुढे जुहूला उतरले. किती डबे ओतले आणि तासाला इंजिन किती पितं, हे ठाऊक असलं की किती वेळ उडता येईल ते कळत असे. त्याआधी पाच वर्षं, मे १९२७ मध्ये, चार्ल्स लिंडबर्ग न्यूयॉर्कहून पॅरिसला एकट्याने गेला. सुमारे ४५० गॅलन पेट्रोल, पाच टाक्या आणि साडेतेहतीस तासांचा प्रवास. वजन वाचवण्यासाठी त्याने इंधनमापक बसवलेच नव्हते. कोणत्या टाकीतून किती तास इंधन घेतलं, याच्या पेन्सिलीच्या रेघा तो समोरच्या पॅनेलवर ओढत गेला. त्या रेघा वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयातल्या त्या विमानात आजही दिसतात.

पण शिकाऊ वैमानिक म्हणजे लिंडबर्ग नव्हे. १९३० साली पेनसिल्व्हेनियातल्या ब्रॅडफर्ड गावात टेलर बंधूंचा विमानांचा कारखाना बुडाला, तेव्हा विल्यम पायपर या तेलव्यावसायिकाने त्याची मालमत्ता ७६१ डॉलरला विकत घेतली. सामान्य माणसाला परवडेल असं विमान त्याला हवं होतं. १९३७ मध्ये कारखान्याला आग लागली, आणि तो सस्क्वेहाना नदीकाठच्या लॉक हेवनला हलला. तिथे १९३८ पासून जे-३ कब तयार होऊ लागलं. १९४७ पर्यंत जवळजवळ वीस हजार विमानं बाहेर पडली. १९३९ ते १९४४ या काळात अमेरिकी सरकारच्या योजनेत चार लाखांहून अधिक तरुण-तरुणी उडायला शिकले. त्यांतले बहुसंख्य कबवरच शिकले, म्हणजेच त्या तारेकडे बघत शिकले.

कबमध्ये बॅटरी नाही, वायरिंग नाही. ४५ लिटरची टाकी इंजिनाच्या मागे, पॅनेलच्या पुढ्यात बसवलेली असते आणि पेट्रोल आपल्याच वजनाने खाली उतरतं. इंजिन तासाला पंधरा-सोळा लिटर घेतं, म्हणजे भरल्या टाकीवर तीन तासांच्या आतबाहेर. अशा विमानाला बूच आणि तार यांहून स्वस्त मापक सापडलं नसतं. ही युक्ती मोटारीत आधीपासून होती. फोर्डच्या मॉडेल ए गाडीतही बुचाचाच फ्लोट होता.

इंग्लंडमध्ये १९३१ साली आलेल्या टायगर मॉथची टाकी वरच्या पंखाच्या मध्यभागी होती, १९ गॅलनची. तिच्या माथ्यावर काचेच्या नळीत फ्लोटचा दांडा वरखाली व्हायचा आणि पुढच्या-मागच्या दोन्ही आसनांवरून मान वर केली की दिसायचा. भारतातल्या फ्लाइंग क्लबांत आणि हवाई दलात एका पिढीने याच विमानावर हात बसवला. हवाई दलाच्या जुन्या विमानांच्या ताफ्यात टायगर मॉथ आजही आहे. पुढे टाक्या नाकातून पंखांत गेल्या. पायपरच्या सुपर कबमध्ये पंखाच्या मुळाशी काचेच्या नळीत छोटा गोळा तरंगू लागला. १९४६ च्या सेस्ना १४० मध्ये त्याच जागी तबकड्या आल्या. मग पन्नाशीच्या दशकात इलेक्ट्रिक काटे लहान विमानांत रुळले, आणि वैमानिकाची नजर इंधनापासून एक पाऊल लांब गेली.

आता देखभालीकडे येते, कारण या मापकाचा खरा इतिहास तिथेच घडतो.

बुचावर शेलॅकचा किंवा वॉर्निशचा लेप असतो. लेप तडकला की बूच इंधन पितं, जड होतं, अर्धवट बुडतं. तार खाली बसते आणि असतं त्याहून कमी इंधन दिसतं. वैमानिक लवकर उतरतो. ही खोड त्रासाची, पण जिवावरची नाही. जिवावरची खोड तारेत असते. तार जराशी वाकली, गंजली किंवा टोपणाच्या भोकात मळ साचला, की ती अडकते आणि टाकी रिकामी होत असताना वरच राहते. म्हणून टोपण हातात आलं की मी आधी तार दोन बोटांत धरून सावकाश वरखाली करते. कुठे खरखर लागली तर तार सरळ करते, भोक साफ करते. टोपणातूनच टाकीत हवा शिरते, तेव्हा ती वाटही मोकळी आहे का ते पाहते. हवा शिरली नाही तर पेट्रोल असूनही उतरत नाही.

लेपाचे तुकडे आणखी एक उपद्रव करतात. इंजिनाकडे जाणाऱ्या नळीवर, सगळ्यात खालच्या जागी, काचेची वाटी असलेला गाळक असतो. पेट्रोल पारदर्शक बाटलीत काढून उजेडात धरलं की कधी तळाशी तपकिरी पापुद्रे दिसतात, कधी बुचाचा चुरा. असा चुरा दिसला की बूच त्याच दिवशी बाहेर काढायचं. मापकाचा तुकडा कार्बोरेटरच्या भोकात अडकून इंजिन बंद पडावं, याहून वाईट मरण विमानाला नाही.

लेप कशामुळे सुटतो? वयामुळे, आणि हल्ली अल्कोहोलमुळे. अमेरिकेत १९८२ पासून काही लहान विमानांना मोटारीचं पेट्रोल वापरायची परवानगी मिळाली, पण इथेनॉल मिसळलेलं नव्हे. शेलॅक अल्कोहोलमध्ये विरघळतं, आणि जुनी रबरी सील व टाकीचे लेपही खराब होतात. भारतात आज पंपावर ई-२०, म्हणजे इथेनॉल मिसळलेलंच पेट्रोल मिळतं. पुण्या-मुंबईकडच्या जुन्या मोटारी सांभाळणाऱ्यांनीही आपल्या टाकीतला फ्लोट कशाचा आहे, हे एकदा उघडून पाहावं. नवं बूच बसवताना त्यावर इंधनात न विरघळणारा लेप द्यावा लागतो. बुचाऐवजी दुसऱ्या पदार्थाचा फ्लोट घ्यायचा, तर तो त्या विमानासाठी मान्य असावा लागतो आणि लॉगबुकात नोंद व्हावी लागते.

इलेक्ट्रिक मापकाचे आजार वेगळे. टाकीतल्या फ्लोटचा दांडा एका तारेच्या गुंडाळीवर सरकतो, विजेला होणारा रोध बदलतो आणि काटा हलतो. या भागाला सेंडर म्हणतात. फ्लोट फुटून बुडाला तर काटा कमी दाखवतो. पण ज्या जातीत टाकी भरताना रोध वाढतो, तिथे सेंडरच्या अर्थिंगवर गंज चढला तर रोध आपोआप वाढतो आणि काटा असतं त्याहून जास्त दाखवतो. वायर तुटली तर थेट भरलेली टाकी. म्हणून काटा बदलण्याच्या आधी मी अर्थचा जोड उकलून, घासून, पुन्हा आवळते. निम्म्याहून अधिक तक्रारी तिथेच मिटतात. सेंडरच्या कडेला निळा डाग दिसला तर गॅस्केट झिरपतं आहे. आजच्या विमानी पेट्रोलचा रंगच निळा आहे, ते उडून गेलं तरी डाग मागे राहतो.

मापक बसवलं म्हणजे काम संपलं असं नाही, ते जुळवावं लागतं. शेपटाकडे चाक असलेलं विमान जमिनीवर नाक वर करून उभं असतं, आकाशात मात्र आडवं होतं. म्हणून शेपूट घोडीवर चढवून, लेव्हल लावून विमान उड्डाणातल्या पातळीत आणायचं. टाकी पूर्ण रिकामी करायची. डबा, विमान आणि जमीन वायरने जोडून घ्यायची, ठिणगीचा संभव ठेवायचा नाही. मग इंजिनापर्यंत पोचू न शकणारं तळाचं इंधन आधी ओतायचं. त्या वेळी मापकाने शून्य दाखवलं पाहिजे. त्यानंतर मोजून एकेक डबा ओतायचा आणि दर वेळी काट्याची जागा लिहून ठेवायची. डिपस्टिकवरच्या खुणा मात्र शेपूट खाली असतानाच करायच्या, कारण काठी वापरतात ती विमान जमिनीवर उभं असताना.

त्या शून्याच्या नियमावरून एक गैरसमज पसरला आहे. काटा फक्त टाकी रिकामी असतानाच खरा असावा लागतो, बाकी कसाही चालतो, असं अनेक वैमानिक ठामपणे सांगतात. नियम शून्य कुठे जुळवावं ते सांगतो, उरलेल्या काट्याला खोटं बोलायची सूट देत नाही. प्रत्येक टाकीतलं इंधन दाखवणारं मापक असलंच पाहिजे, असंही अमेरिकी नियमच सांगतो.

'काट्यावर विसंबू नकोस' हे प्रत्येक शिकाऊ वैमानिकाला सांगितलं जातं. काठीने मोज, घड्याळाने हिशेब ठेव, हे योग्यच आहे. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१७ मध्ये सांगितलं, की २०११ ते २०१५ या काळात इंधनाच्या गैरव्यवस्थेमुळे दरवर्षी सरासरी ५० हून अधिक अपघात झाले आणि उपकरणांच्या दोषाचा त्यात जेमतेम ५ टक्के वाटा होता. बाकी माणसांचा. पण यातून मापक बिनकामाचं ठरत नाही. काठी जमिनीवर मोजते, घड्याळ गृहीत धरून मोजतं. पंखावरचं टोपण सैल राहिलं तर वरून वाहणारी हवा टाकीतलं इंधन शोषून बाहेर टाकते. नळी झिरपू लागली तर तेच. हे काठीला आणि घड्याळाला कळत नाही. आकाशात ते सांगू शकतं ते फक्त मापक. वर्षानुवर्षं हात न लावलेल्या मापकाने खोटं सांगितलं म्हणून त्याच्याकडे बघणंच सोडून द्यायचं, यात दोष मापकाचा नाही.

१९७२ च्या अ‍ॅग्नेस वादळात सस्क्वेहानाचं पाणी लॉक हेवनच्या कारखान्यात शिरलं. पुढे १९८४ मध्ये पायपरने तिथलं काम बंद केलं. आता त्या जागी संग्रहालय आहे, आणि दर जूनमध्ये देशभरातून जुनी कब विमानं तिथे उतरतात. ती आजही उडतात, कारण कुणीतरी त्यांच्या लहानसहान भागांकडे लक्ष दिलं.

जुनं विमान ज्यांच्या हाती आहे, त्यांना माझी विनंती एवढीच: वार्षिक तपासणीला इंजिनाइतकाच वेळ टाकीच्या टोपणाला द्या. बूच काढून पाहा, अर्थ घासा, काटा मोजलेल्या पेट्रोलशी ताडून घ्या आणि तारीख लॉगबुकात लिहा. त्यानंतर तो काटा जे सांगेल, त्यावर विश्वास ठेवा.