रिकामा वाद्यवृंद आणि भरलेली रांग



अलीकडे तरुण कीर्तनकार भेटले की प्रमाणांविषयी थोडे विचारतात आणि यंत्रांविषयी फार. "बुवा, गावात मृदंगी उरला नाही, टाळकरी चारच येतात. परवडेल असे कोणते मशीन घेऊ?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पोरे पोटासाठी शहरात गेली, पखवाज देवळाच्या खुंटीवर राहिला, हे आपण सगळे पाहतो. पण मशीन घेण्याआधी गाणाऱ्याच्या पाठीशी आजवर कोण कोण उभे राहिले, ते पाहावे. निवड मग आपोआप सोपी होते.

कीर्तनाच्या दोन परंपरा आपल्याकडे नांदतात. नारदीय कीर्तनात बुवा एकटे उभे असतात. साथीला तबला आणि पेटी. वारकरी कीर्तनात मागे टाळकऱ्यांची रांग, बाजूला मृदंग आणि गळ्यात वीणा घेतलेला विणेकरी. तुकोबारायांच्या मागे चौदा टाळकरी असत, असे परंपरा सांगते. संताजी महाराज जगनाडे त्यांतले एक, आणि अभंग उतरून घेणारेही तेच. म्हणजे आपल्याकडचा साथीदार ऐकणारा, धरून ठेवणारा आणि पुढे नेणाराही आहे. विष्णुबुवा जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था उभी केली. तिथून पुढे कितीतरी कीर्तनकार घडले, आणि त्यांतला प्रत्येकजण आधी कुणाच्या तरी मागे टाळ घेऊन उभा राहिलेला.

आता बाहेरून आलेल्या साथीकडे वळू. पेटी मूळची युरोपातली, पायाने भाता मारायची. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी तिला हाताचा भाता दिला आणि ती बैठकीत मांडीपाशी आली. तिचे सूर ठरलेले, त्यांत मींड येत नाही, म्हणून जाणकारांनी नाके मुरडली. आकाशवाणीने १९४० साली तिला बंदी केली. ती १९७१ पर्यंत टिकली. देवळाने मात्र पेटी ठेवली. का? ती वाजवायला माणूस लागतो, आणि तो माणूस बुवांच्या तोंडाकडे पाहून वाजवतो.

दुसरे यंत्र तंबोऱ्याचे. बेंगळुरूचे जी. राज नारायण बासरीही वाजवत आणि शिक्षणाने इंजिनियर होते. त्यांनी १९७९ साली इलेक्ट्रॉनिक तंबोरा तयार केला, पुढच्या दशकात तबल्याचे यंत्रही आणले. एकट्याने रियाज करणाऱ्याची मोठी सोय झाली. आज तेच काम फोनमधले अ‍ॅप करते.

तिसरे यंत्र जपानचे. कोबे शहरात दाइसुके इनौए हे मद्यगृहांत गाणाऱ्या गिऱ्हाइकांना वाजवून साथ देत. एका गिऱ्हाइकाला परगावी गायचे होते, इनौएंना जाता येईना. त्यांनी साथ टेपवर भरून दिली. त्यातून १९७१ साली त्यांनी टेप, मायक्रोफोन आणि नाण्याची पेटी जोडून यंत्र केले, अकरा नग बनवून भाड्याने दिले. पेटंट घेतले नाही. या प्रकाराला कराओके म्हणतात. त्या शब्दाचा अर्थ रिकामा वाद्यवृंद. आज कार्यक्रमांत 'ट्रॅक' लावून गातात, त्यामागे हीच कल्पना आहे.

माउली, हा शब्द नीट ऐका. एक यंत्र सूर धरते, एक ठेका धरते, आणि एक सगळे गाणे आधीच म्हणून ठेवते. तिन्ही एका मापाने मोजू नका.

सुराचे यंत्र खुशाल घ्या. आधी आपली पट्टी पेटीवर नक्की करा, काळी एक की पांढरी चार, मग दुकानात जा. सूर बारीक चढवता-उतरवता येतो का ते पाहा, कारण गावची पेटी कित्येकदा थोडी उतरलेली असते आणि मृदंग तिलाच मिळवलेला असतो. वीज जाते, म्हणून बॅटरीवर चालणारे बरे. जुना फोन घरात पडला असेल तर वेगळा खर्चही नको. फक्त विमान मोडवर ठेवा, नाहीतर ऐन गजरात फोन वाजायचा. स्पीकर वायरने जोडा. बिनतारी जोडणीत आवाज क्षणभर मागे राहतो. आवाज विणेच्या खालीच असू द्या.

ठेक्याचे यंत्र रियाजाला उत्तम. भजनी ठेका लावून तासभर गायलात तर लय बसते. परदेशी दोन-चार घरेच जमून भजन करत असतील, तर तिथेही चालेल. पण कीर्तनात त्याची अडचण कळते. बुवा चरणावर थांबले, डोळे भरून आले, तर मृदंगी हात हलका करतो; नामाचा गजर चढला की तोच दुगुन धरतो. यंत्र आपल्या मात्रा मोजत पुढे जाते.

आणि ट्रॅक? कीर्तनात तो नकोच. गजर किती वेळ चालेल हे आधी कुणी ठरवायचे? शिवाय ट्रॅकवर मागे उभे राहायला कुणाला जागा उरत नाही. ज्याला गाता येत नाही तोही टाळ घेऊन रांगेत उभा राहतो, आणि दहा वर्षांनी त्याला शंभर अभंग पाठ असतात. ती शाळा बंद पडली तर कीर्तनकार कुठून यायचे?

खरा धोका स्वस्ताईत आहे. मृदंगीचे मानधन वाचते म्हणून सप्ताहाची मंडळी मशीन आणतात. पहिल्या वर्षी सोय वाटते. पुढे गावातल्या मुलाला पखवाजाला कणीक लावायला शिकवावी, असे कुणाच्या मनातच येत नाही. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत. पहारा बदलला की एकजण नमस्कार करून दुसऱ्याच्या गळ्यात घालतो. वीणा हातातून हातात जाते, म्हणून सप्ताह अखंड राहतो.

तेव्हा हिशेब असा करा. तंबोऱ्याचे साधे यंत्र किंवा अ‍ॅप घ्या, मोठ्या मशीनचा नाद सोडा. वाचलेल्या पैशांत टाळांचे चार जोड घ्या, खुंटीवरच्या पखवाजाला शाई भरून आणा, आणि शेजारच्या गावच्या मृदंगी बुवांना आठवड्यातून एक दिवस प्रवासखर्च देऊन बोलवा. समोर दोन पोरे बसवा. येत्या एकादशीला ठेका चुकेल, हरकत नाही. चुकलेला ठेका सांभाळून घ्यायला रांग असते.

रामकृष्ण हरी.