साठ हजार केस आणि एक पडलेला सिनेमा

अपेक्षाभंगाचा एक खास प्रकार असतो. पॉपकॉर्नच्या भावाकडे काणाडोळा करून आपण थिएटरात बसतो. पडद्यावर जे दिसतं ते अफाट असतं, कुठेही काटकसर केलेली नसते. आणि तरीही अर्ध्या तासात आपला हात मोबाईलकडे जातो, किती वाजले बघायला. टुकार सिनेमा पाहिला की राग येतो, शिव्या घालून मोकळं होता येतं. इथे मात्र राग येत नाही, वाईट वाटतं. कारण समोर कुणीतरी जीव ओतून काम केलंय हे दिसत असतं. ॲनिमेशनच्या बाबतीत तर जास्तच, कारण तिथे आपोआप काहीच होत नाही. गवताचं पातं हललं तर ते कुणीतरी मुद्दाम हलवलेलं असतं.

ह्या प्रकारच्या अपेक्षाभंगाचं सगळ्यात मोठं, सगळ्यात महाग आणि (निदान आम्हा आयटीवाल्यांसाठी) सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे ११ जुलै २००१ रोजी अमेरिकेत लागलेला 'फायनल फॅन्टसी : द स्पिरिट्स विदिन'. तो लागला तेव्हा मी चड्डी सावरायच्या वयाचा होतो. त्यामुळे थिएटरात पाहण्याचा प्रश्नच नव्हता. पुढे कॉलेजात असताना तो लॅपटॉपवर पाहिला, आणि नंतर त्याच्यामागची गोष्ट वाचत गेलो. खरं सांगतो, सिनेमापेक्षा ती गोष्टच जास्त रंगतदार निघाली.

तर झालं असं. स्क्वेअर ही जपानमधली गेम बनवणारी कंपनी. १९८७ साली हिरोनोबू साकागुची नावाच्या पंचविशीतल्या माणसाने तिथे 'फायनल फॅन्टसी' नावाचा गेम केला. तो चालला, त्याचे पुढचे भाग निघाले आणि १९९७ साली प्लेस्टेशनवर सातवा भाग आला. त्याने जगभर धुमाकूळ घातला. त्या गेममध्ये मधेमधे संगणकावर केलेले छोटे चित्रपटासारखे तुकडे होते. ते पाहून लोकांचे डोळे विस्फारले. साकागुचींना वाटलं, एवढं जमतंय तर अख्खा सिनेमाच का नको? आणि साधासुधा कार्टून सिनेमा नाही, खऱ्या माणसांसारखी माणसं असलेला! तोवर असा पूर्ण लांबीचा सिनेमा कुणीच केला नव्हता. पिक्सारच्या 'टॉय स्टोरी'ला (१९९५) जेमतेम दोन वर्षं झाली होती, आणि पिक्सारने शहाणपणा करून नायक म्हणून खेळणी निवडली होती. प्लॅस्टिक प्लॅस्टिकसारखं दिसलं तर कोण तक्रार करणार?

स्क्वेअरने त्यासाठी हवाई बेटांवर, होनोलुलूत नवा स्टुडिओ उभा केला. साधारण दोनशे माणसं, चार वर्षं. आता आपल्या आवडीचे आकडे बघा. सिनेमात १,४१,९६४ फ्रेम्स. एक फ्रेम रेंडर व्हायला सरासरी ९० मिनिटं. त्यासाठी ९६० मशीन्सचा रेंडर फार्म, प्रत्येकात पेंटियम थ्री, ९३३ मेगाहर्ट्झ. शेवटी जमा झालेला डेटा १५ टेराबाईट, तोही २००१ साली. आणि नायिकेच्या, म्हणजे डॉ. आकी रॉसच्या डोक्यावर ६०,००० केस, प्रत्येक केस वेगळा हलणारा.

कॉलेजात आम्ही ब्लेंडरमध्ये चहाचा एक कप, त्यावर थोडी वाफ, असं काहीतरी रेंडरला लावलं होतं. दोनशे-अडीचशे फ्रेम्सना रात्र गेली आणि लॅपटॉपवर पोळी भाजता आली असती. त्यामुळे हे आकडे वाचून मी लगेच गुणाकार करायला बसलो. दीड तासाच्या हिशोबाने एकाच मशीनवर सगळा सिनेमा रेंडर करायला २४ वर्षांहून जास्त वेळ लागेल. ठीक. पण ९६० मशीन्सवर? साधारण सव्वानऊ दिवस. सव्वानऊ दिवस! मग चार वर्षं कुठे गेली?

ज्याने कुठल्याही प्रोजेक्टवर काम केलंय त्याला उत्तर माहीत आहे. वेळ रेंडरिंगमध्ये जातच नाही. वेळ जातो तो 'परत करा' मध्ये. चार वर्षांत सॉफ्टवेअर सुधारत गेलं, माणसांचा हात बसत गेला. शेवटचे शॉट्स इतके चांगले व्हायला लागले की सुरुवातीचे त्यांच्यासमोर फिके दिसायला लागले. मग सुरुवातीचे पुन्हा हातात घ्या. तळ्यावर पोचेपर्यंत तळं पुढे सरकलेलं. आपण ज्याला रीवर्क म्हणतो ते हेच, फक्त इथे बिल डॉलरमध्ये येत होतं. एकूण खर्च गेला १३.७ कोटी डॉलरवर.

ट्रेलर आला तेव्हा लोक चाट पडले. त्वचेवरचे डाग, डोळ्यांतलं पाणी, आणि ते केस! चर्चा अशी सुरू झाली की आता नटनट्यांची गरज संपणार. आकी रॉसला पुढच्या सिनेमांत वेगवेगळ्या भूमिकांत वापरायची स्क्वेअरची योजनाच होती, म्हणजे जगातली पहिली डिजिटल नटी. मॅक्सिम ह्या मासिकाने त्या वर्षीच्या शंभर मादक स्त्रियांच्या यादीत तिला बसवलं. बाकी सगळ्या जित्याजागत्या, आणि ही एक बहुभुजांची बनलेली. :-)

आणि मग सिनेमा लागला. पहिल्या शनिवार-रविवारी अमेरिकेत कमाई झाली सुमारे १.१४ कोटी डॉलर. जगभर मिळून सगळे धरून सुमारे ८.५ कोटी, त्यातलाही मोठा वाटा थिएटरवाल्यांचा. थोडक्यात काय, बुडाला. सरळ बुडाला.

का बुडाला?

सोपं उत्तर म्हणजे कथा. साल २०६५, पृथ्वीवर परग्रहावरून आलेल्या भुतांसारख्या आकृत्यांचं राज्य. आकी आणि तिचे गुरू डॉ. सिड आठ 'आत्मे' गोळा करतायत. तिकडे एका जनरलला अंतराळातल्या तोफेने सगळं उडवून द्यायचंय. मधेच पृथ्वीचा आत्मा गाया. गेमचे चाहते गेले ते आपल्या ओळखीच्या तलवारी, जादू आणि राक्षस शोधायला. ते काहीच सापडलं नाही. बाकीचे गेले ते सायन्स फिक्शन बघायला. त्यांना आठ आत्म्यांचा हिशोब लागेना. दोन्हीकडचे पाहुणे उपाशी.

पण मला हे उत्तर अपुरं वाटतं. ह्याहून गोंधळाच्या कथांचे सिनेमे तुफान चालतात, आपल्याला हे कुणी सांगायला नको. दुसरं उत्तर त्यांच्याच देशात एकतीस वर्षांपूर्वी लिहून ठेवलेलं होतं. टोकियोत मासाहिरो मोरी नावाचे रोबोटिक्सचे प्राध्यापक होते. त्यांनी १९७० साली एक छोटा लेख लिहिला. म्हणणं असं की यंत्र जसजसं माणसासारखं दिसू लागतं तसतसं ते आपल्याला आवडू लागतं. पण अगदी माणसाजवळ पोचल्यावर, अजून थोडंसं अंतर बाकी असताना, आलेख एकदम खाली कोसळतो आणि आपल्याला अंगावर काटा आल्यासारखं वाटतं. ह्या खड्ड्याला नाव पडलं 'अनकॅनी व्हॅली'. लोणावळ्याला मेणाचे पुतळे पाहिले असतील तर कळेल. लांबून 'अरे वा' आणि शेजारी उभं राहून फोटो काढताना उगाच अस्वस्थ.

गंमत म्हणजे मोरींनी त्या आलेखात जपानी बुनराकू बाहुलीला हुबेहूब कृत्रिम हातापेक्षा बरीच वरची जागा दिली आहे. लाकडाची बाहुली, चालवणारी माणसं रंगमंचावर उभी दिसतात, तरी प्रेक्षक तिच्यात रमतो. आपल्याकडे कुडाळजवळच्या पिंगुळीला कळसूत्री बाहुल्या आहेत. तिथला लाकडी चेहरा खेळभर एकाच भावात असतो, पण बघणाऱ्याला तो कधी रडवेला दिसतो, कधी चिडलेला. ते रडणं आणि चिडणं आपण आपल्या खिशातून घातलेलं असतं.

हेच स्क्वेअरच्या स्वतःच्या घरात घडून गेलं होतं! १९९७ च्या त्या सातव्या भागातली पात्रं बघा. हात म्हणजे ठोकळे, चेहऱ्यावर हालचाल शून्य, संवाद तर पाटीवर लिहून येतात. आणि तरीही त्यातली एरिथ मरते तेव्हा जगभरचे खेळाडू ढसाढसा रडले. (स्पॉयलर म्हणू नका, इतकी वर्षं झाली राव.) ठोकळ्यासाठी रडलेले लोक साठ हजार केसांच्या आकीसाठी मात्र हळहळलेसुद्धा नाहीत.

माझ्या मते इथेच सगळं आहे. चित्र अपुरं असलं की बघणारा उरलेलं भरतो, आणि जे आपण भरलं त्याच्यावर आपला जीव जडतो. सगळंच भरून दिलं की आपल्याला काम उरतं फक्त तपासणीचं. मग आपण प्रेक्षक राहत नाही, टेस्टर होतो. ओठ नीट हलतायत का? डोळे नक्की कुठे बघतायत? हा माणूस श्वास घेतोय का? दोन मिनिटांच्या ट्रेलरमध्ये आपण केस बघतो. दहा मिनिटांनी केसांची सवय होते आणि आपण चेहऱ्यात माणूस शोधायला लागतो. डेमो वेगळा आणि प्रॉडक्ट वेगळं ते असं.

त्याच वर्षाचे बाकीचे निकाल बघितले की हे जास्तच खुपतं. मे महिन्यात 'श्रेक' आला होता. सुमारे ६ कोटी डॉलर खर्च, जगभरात ४८ कोटींच्या वर कमाई, हिरवा ढेरपोट्या राक्षस. आणि अमेरिकेत 'फायनल फॅन्टसी' लागल्यावर नवव्या दिवशी, २० जुलै २००१ ला, जपानमध्ये हायाओ मियाझाकींचा 'स्पिरिटेड अवे' लागला. मुख्यतः हाताने काढलेला. जपानच्या सगळ्या सिनेमांत कमाईत पहिला आला आणि ती जागा २०२० पर्यंत त्याने सोडली नाही. सप्टेंबरमध्ये 'फायनल फॅन्टसी' जपानला पोचला तेव्हा लोक दुसऱ्याच आत्म्यांच्या गोष्टीत रंगून गेले होते.

मला सगळ्यात चटका लावून जातं ते हे. साकागुचींच्या आईचा अपघाती मृत्यू झाला होता. माणूस गेल्यावर त्याचं काय उरतं, हा प्रश्न तेव्हापासून त्यांच्या कामात येत राहिला, आणि ह्या सिनेमाचा गाभाही तोच. मरणाबद्दल काहीतरी आतून सांगायचं होतं म्हणून त्यांनी हा डोंगर उचलला. आणि लोक बाहेर येऊन काय म्हणाले? दिसतं झकास, पण आत्मा नाही. आत्म्यावरच्या सिनेमाला!

पुढचं सगळं भराभर झालं. होनोलुलूचा स्टुडिओ बंद होणार हे त्याच वर्षी ठरलं. 'द ॲनिमेट्रिक्स' (२००३) मधला नऊ मिनिटांचा तुकडा हे त्यांचं शेवटचं काम. स्क्वेअर आणि एनिक्स ह्यांच्या विलीनीकरणाची बोलणी चालू होती, पण हा तोटा बघून एनिक्स बिचकली. ते अखेर १ एप्रिल २००३ ला पार पडलं. साकागुची त्याच वर्षी कंपनीतून बाहेर पडले. आकी रॉसला दुसरा सिनेमा मिळालाच नाही.

मग ती चार वर्षं पाण्यात गेली का? ताळेबंद बघितला तर हो. माणसं बघितली तर नाही. तिथला ॲनिमेशनचा मुख्य अँडी जोन्स. त्याला पुढे 'अवतार' (२००९) आणि 'द जंगल बुक' (२०१६) ह्यांच्या व्हिज्युअल इफेक्ट्ससाठी ऑस्कर मिळालं. आणि 'अवतार'मधली संगणकावर केलेली पात्रं माणसं नव्हती, निळी, शेपटीवाली, मोठ्या डोळ्यांची नावी होती. दरी ओलांडायच्या ऐवजी तिला वळसा घातला.

अर्थात दरीत पडणारे संपले नाहीत. २०११ चा 'मार्स नीड्स मॉम्स' १५ कोटी डॉलर घेऊन पडला. आपल्याकडे २०१४ साली रजनीकांतचा 'कोचडैयान' आला तेव्हा चेहऱ्यांवरून हीच कुजबुज झाली. साक्षात थलैवा असून! उलट २०२५ च्या 'महावतार नरसिंह'मध्ये ॲनिमेशनच्या चुका काढणारे कमी नव्हते, पण ३०० कोटींच्या वर गल्ला जमला. लोक भरायला तयार होते आणि भरायला जागाही होती.

नटांची भीती मात्र खोटी ठरली असं म्हणवत नाही. २०२३ मध्ये हॉलिवूडचे नट ११८ दिवस संपावर होते, आणि आपली डिजिटल प्रतिकृती कोण कशी वापरणार हा त्यातला एक मोठा मुद्दा होता. आता साठ हजार केस काढायला चार वर्षं लागत नाहीत. त्या केसांखालच्या माणसाबद्दल कुणाला काही का वाटावं, हा प्रश्न मात्र २००१ मध्ये जिथे होता तिथेच आहे.

आणि साकागुची? त्यांनी २००४ साली मिस्टवॉकर नावाची छोटी कंपनी काढली. २०२१ मध्ये त्यांचा 'फॅन्टेशियन' नावाचा गेम आला. त्यातली गावं, जंगलं, घरं संगणकावर बनवलेली नाहीत. कारागिरांनी हाताने दीडशेहून जास्त छोटे देखावे बांधले आणि त्यांचे फोटो काढून गेममध्ये घातले. आपण दिवाळीत किल्ला करतो ना, तसं. २०२४ मध्ये त्याची नवी आवृत्ती निघाली. प्रकाशक कोण? स्क्वेअर एनिक्स.

असो. आजच्यापुरतं इतकंच.