एसयूव्हीला मोठी चाकं बसवताय? आधी टायरवरचे आकडे वाचा

पुणे : चाकणला बनणाऱ्या स्कॉर्पिओ-एनच्या वरच्या मॉडेलला 255/60 आर18 टायर येतो. 255 म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी, 60 म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या 60 टक्के, 18 म्हणजे रिमचे इंच. टायरची एकूण उंची साधारण 763 मिमी भरते.

नाना पेठेतून 20 इंची अलॉय घेतले, तर 255/50 आर20 टायरने उंची तेवढीच राहते. पण भिंत 153 वरून 128 मिमीवर येते. मग खड्ड्यात किंवा शेतरस्त्याच्या दगडावर आदळलं की रिम वाकते, टायरला फुगा येतो. उंचीच वाढवली, तर टायर घासू शकतो आणि स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो.

भाराचा आकडा मूळ टायरपेक्षा कमी नको. 108 म्हणजे एका टायरला 1000 किलो. इंजिनची ताकद वाढवली असेल तर वेगाचं अक्षरही बघा : एस 180, एच 210 किमी. शेवटचे चार आकडे 2324 असतील, तर टायर 2024 च्या 23 व्या आठवड्यातला.

नटांची भोकं जुळवून घ्या. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीतल्या बदलांवर बंधन घालतं, म्हणून पैसे देण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनीला विचारा.