कोळ्याचा धागा आणि बंदुकीवरची दुर्बीण

दुर्बीण १६०८ साली हॉलंडमध्ये प्रसिद्धीस आली. बंदूक त्याच्याही कितीतरी आधीची. मग दुर्बीण लावलेली बंदूक खऱ्या अर्थाने कामाला लागायला एकोणिसाव्या शतकाची मधली वर्षे का उजाडावी लागली? दोन्ही वस्तू हाताशी असताना त्या एकत्र यायला दोनशे वर्षांहून अधिक काळ लागला, हे कोडे वर्गात मांडण्याजोगे आहे.

गॅलिलिओच्या दुर्बिणीत डोळ्याजवळचे भिंग अंतर्वक्र होते. वस्तुभिंगातून आलेले किरण प्रतिमा तयार करण्याआधीच हे भिंग त्यांना अडवते. नळीच्या आत वास्तव प्रतिमा कुठेच पडत नाही. त्यामुळे आत एखादी खूण ठेवली तरी ती दूरच्या वस्तूबरोबर स्पष्ट दिसणार नाही. केप्लरने १६११ मध्ये सुचवलेल्या दुर्बिणीत मात्र दोन्ही भिंगे बहिर्वक्र होती. तिच्यात वास्तव प्रतिमा नळीतच पडते, आणि ती आपण नेत्रभिंगातून मोठी करून पाहतो. प्रतिमा उलटी दिसते, म्हणून ती सुलटी करायला आणखी भिंगे लागतात, पण ते पुढचे.

इंग्लंडमध्ये लीड्सजवळ राहणाऱ्या विल्यम गॅस्कॉइन या तरुणाला १६४० च्या सुमारास आपल्या उपकरणात एक गंमत दिसली. एका कोळ्याने आत धागा विणला होता, आणि तो नेमका प्रतिमा पडते त्याच जागी होता. त्यामुळे धागा आणि दूरची वस्तू दोन्ही एकदम रेखीव दिसत होती. गॅस्कॉइनने यातले मर्म ओळखले. दुर्बिणीला नेम आला! पुढे त्याने त्याच तत्त्वावर ग्रहांचे कोनीय व्यास मोजण्याचे सूक्ष्ममापी उपकरणही बनवले.

हा प्रयोग शाळेत सहज करता येतो. ५० सेंटिमीटर आणि ५ सेंटिमीटर नाभीय अंतराची दोन बहिर्वक्र भिंगे एकमेकांपासून ५५ सेंटिमीटरवर ठेवा आणि मोठ्या भिंगापासून ५० सेंटिमीटरवर एक केस ताणून बसवा. (सूर्याकडे कधीही रोखू नये.) डोळा किंचित डावी-उजवीकडे हलवला तरी केस वस्तूवरच राहतो. आता केस सेंटिमीटरभर पुढे सरकवा. तो अंधुक होतो आणि डोळा हलवताच वस्तूवरून घसरतो. हाच पराशय. दुर्बिणीने नेम धरणाऱ्याचा तो आजही शत्रू आहे.

गॅस्कॉइनला पुढे काम करायला वेळ मिळाला नाही. राजाच्या बाजूने लढताना २ जुलै १६४४ रोजी मार्स्टन मूरच्या लढाईत तो पडला, असे मानतात. त्याचे उपकरण रॉबर्ट हूकने १६६७ मध्ये सर्वांपुढे मांडले, आणि खगोलशास्त्रज्ञांनी ते उचलले. बंदूकवाल्यांना मात्र त्याची गरज नव्हती, कारण दोष नेमाचा नव्हता, गोळीचा होता.

हे दाखवून दिले बेंजामिन रॉबिन्सने. त्याचा १७४२ चा तोफविद्येवरील ग्रंथ म्हणजे या शास्त्राचा पायाच. गोळी टांगलेल्या जड लंबकात मारायची, लंबक किती झुलला ते मोजायचे आणि संवेग अक्षय्यतेच्या नियमाने गोळीचा वेग काढायचा, ही त्याची युक्ती. वेगवान गोळीला हवेचा विरोध तिच्या वजनाच्या शंभरपटींहून अधिक असतो, असे त्यातून निघाले. हवेला नगण्य धरणाऱ्यांना हा धक्काच होता. दुसरा प्रयोग आम्हाला अधिक आवडतो. त्याने बंदुकीची नळी टोकाला डावीकडे वाकवली आणि पुढे कागदाचे पडदे उभे केले. गोळी आधी डावीकडे गेली आणि पुढे वळून उजवीकडे आली! नळीच्या बाजूला घासून तिला मिळालेली फिरकी तिला वळवत होती. गुळगुळीत नळीतून सुटणारी प्रत्येक गोळी अशीच मनास येईल तशी फिरत जाते. नळीत मळसूत्रासारख्या खाचा पाडल्या तर गोळी प्रवासाच्या दिशेभोवतीच फिरते आणि सरळ राहते. रायफलचे हे महत्त्व रॉबिन्सने १७४७ मध्ये सांगितले. १७५१ मध्ये, ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत असताना, कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिड येथे तो वारला.

त्याचे म्हणणे अमलात यायला आणखी शंभर वर्षे गेली. १८५० च्या दशकात जोसेफ व्हिटवर्थ या यंत्रज्ञाने षट्कोनी छिद्राची रायफल केली. अचूकतेत तिने लष्कराच्या एनफील्डला सहज मागे टाकले. १८६० साली विम्बल्डन येथे नेमबाजीची स्पर्धा भरली तेव्हा पहिला बार व्हिक्टोरिया राणीने काढला. रायफल लोखंडी बैठकीत पक्की बसवली होती, राणीने फक्त दोरी ओढली. ४०० यार्डांवर गोळी मध्यबिंदूपासून सव्वा इंचावर लागली. तारीख पुन्हा २ जुलैच, पंचांग तेवढे निराळे!

आता गणित करू. गोळीचा वेग सेकंदाला ४०० मीटर धरला, तर ४०० यार्ड म्हणजे ३६६ मीटर जायला ०.९ सेकंदाहून थोडा अधिक वेळ लागतो. तेवढ्या वेळात ती सुमारे ४ मीटर खाली येते, हवेचा विरोध धरला तर त्याहूनही अधिक. म्हणजे राणीची नळी लक्ष्याच्या ४ मीटर वर रोखलेली असली पाहिजे. नळीची रेषा आणि दृष्टीची रेषा यांत ठरावीक कोन राखणे, हेच दुर्बिणीच्या बैठकीचे काम. बैठकीच्या दोन कड्यांमध्ये १० सेंटिमीटर अंतर आहे आणि मागचे कडे केसाच्या जाडीइतके, ०.१ मिलिमीटर सरकले असे समजा. चूक हजारात एक. १०० मीटरवर १० सेंटिमीटर, ९०० मीटरवर ९० सेंटिमीटर! शिवाय ३४ ग्रॅमची गोळी ४०० मीटर वेगाने सुटली की साडेचार किलोची बंदूक सेकंदाला ३ मीटर वेगाने मागे येते. बैठकीने हा धक्का दर बाराला सोसायचा.

या काळात अमेरिकेत मॅल्कम नळीएवढ्या लांब दुर्बिणी बनवत होता. मुंबई इलाख्याच्या लष्करातला अधिकारी डेव्हिड डेव्हिडसन याने दुर्बीण रायफलीच्या डाव्या अंगाला बसवली. अमेरिकन यादवी युद्धात दक्षिणेच्या निवडक नेमबाजांकडे डेव्हिडसनची दुर्बीण लावलेल्या काही व्हिटवर्थ रायफली होत्या. धक्क्याने त्यांचे डोळे काळेनिळे होत, अशा आठवणी आहेत. ९ मे १८६४ रोजी स्पॉटसिल्व्हेनियाला जनरल सेजविक आपल्या शिपायांना हसून धीर देत होते की, एवढ्या लांबून शत्रूला हत्तीसुद्धा टिपता येणार नाही. क्षणात गोळी त्यांच्या चेहऱ्यात शिरली. ती व्हिटवर्थची होती असे सांगतात. त्यांचा अंदाज जुन्या बंदुकांच्या अनुभवावर बेतलेला होता आणि त्या हिशेबाने तो बरोबरच होता.

एक प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतील: कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर रायफलीत कांस्यपदक मिळवले, ते दुर्बिणीने का? नाही. ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत दुर्बिणीला मनाई आहे. तेथे डोळ्याजवळ बारीक छिद्राची चकती आणि नळीच्या टोकाला कडे असते. जवळचे कडे आणि दूरचे लक्ष्य डोळ्याला एकाच वेळी स्पष्ट दिसत नाही, ही अडचण दुर्बीण दोन्ही एका प्रतलात आणून सोडवते. बारीक छिद्र तीच अडचण किरणांचा शंकू अरुंद करून बरीच कमी करते. पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडून त्यातून हाताची बोटे आणि समोरचे झाड एकदम पाहावे. चष्मा लागलेल्या मुलांनी चष्मा काढून पाहावे.