पूर दारात, नळ कोरडे

ऑगस्ट 2019 आठवतोय? पंचगंगेला महापूर, उपसा केंद्रं पाण्याखाली आणि शहराचे नळ कोरडे. आम्ही बिल्डिंगच्या बोअरवर दिवस काढले. आज्जी कुकर उघडून म्हणाली, "ह्या पाण्यात डाळ शिजंना रं!"

मी पडलो इंजिनियर, कारण शोधत बसलो. आपल्या पायाखाली काळा बेसाल्ट. त्याच्या भेगांतून मुरताना पाणी कॅल्शियम, मॅग्नेशियम उचलतं. हेच जड पाणी. कॅल्शियममुळे डाळ निबर राहते, साबणाला फेस येत नाही, गीझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो. भारतीय मानकानुसार असा जडपणा लिटरला 200 मिलीग्रॅमपर्यंत ठीक; दुसरी सोयच नसेल तर 600 पर्यंत चालवून घ्यायचा.

आपल्या आधीच्या पिढ्या आडाचं पाणी प्यायच्या. संस्थानकाळात कळंबा तलावाचं पाणी उतारानं, पंपाशिवाय शहरात आलं. शाहू महाराजांनी भोगावतीवर राधानगरी धरण उभारायला घेतलं. नदीचं हलकं पाणी नळाला आलं आणि जड पाण्याची सवयच मोडली. 2023 च्या दिवाळीत काळम्मावाडीची थेट पाइपलाइनही आली. सोय मोठी, पण तीही पंपावर आणि विजेवरच चालते.

म्हणून एक सांगतो. जुनी विहीर बुजवू नका, बोअरचं पाणी वर्षातून एकदा तपासून घ्या. पुढच्या पुरात नळ थांबला, तर घरात तेच पाणी येणार आहे.

आणि हो, डाळ आदल्या रात्रीच भिजत घाला. आज्जीचा सल्ला!