बँडवाला होणार आहेस का?

कर्ज मागायला आलेला माणूस आधी घसा खाकरतो, टेबलावरचा पेपरवेट दोनदा फिरवतो, हवापाण्यावर बोलतो आणि मग विषयाला हात घालतो. गेली बावीस वर्षं मी काउंटरच्या आतल्या बाजूने हे पाहत आलो आहे. त्या शनिवारी धोबीतलावावरच्या एका वाद्यांच्या दुकानात मी काउंटरच्या बाहेर उभा होतो आणि अगदी तस्संच करत होतो. शेवटी धीर करून विचारलं,

"सॅक्सोफोनची शिकवणी घेणारं कुणी आहे का हो तुमच्या माहितीत?"

"मुलाचं वय काय?"

"शेहेचाळीस," मी म्हणालो.

विक्रेता भला माणूस होता. तो हसला नाही. त्याने एक वही काढली. गिटारचे मास्तर दोन पानं भरून होते. पियानोच्या बायका दीड पान. व्हायोलिनला अर्धं पान. सॅक्सोफोनच्या नावाखाली एकच नाव होतं आणि त्यावर काट मारलेली होती. "ते मुलाकडे कॅनडाला गेले," तो म्हणाला. मग मला वाईट वाटू नये म्हणून त्याने विचारलं, "युकुलेले चालेल?"

आता मोबाइलवर शिकवणारे पुष्कळ आहेत, हे मला ठाऊक आहे. आमच्या चिरंजीवांनी तेच सुचवलं. पण मोबाइलमधल्या मास्तरांना माझे गाल फुगलेले दिसत नाहीत, आणि त्यांना मी दिसलो असतो तर त्यांनी मोबाइल बंद केला असता.

मी पडलो कॉमर्सचा पदवीधर. माल बाजारात आहे, गिऱ्हाईक दारात उभं आहे आणि मधला माणूसच गायब, असा ताळेबंद मला पचत नाही. म्हणून रात्री जेवणं झाल्यावर मी सॅक्सोफोनची जुनी खाती उघडून बसलो. तर पहिल्याच पानावर धक्का. या वाद्याच्या जन्मदात्याचं तीनदा दिवाळं निघालेलं!

अ‍ॅडॉल्फ साक्स हा बेल्जियममधल्या दिनाँ गावचा. जन्म १८१४. बाप वाद्यं बनवणारा. लहानपणी हा मुलगा जिन्यावरून पडला, टाचणी गिळून बसला, दूध समजून भलतंच काही प्यायला, असं सांगतात. हा काही जगत नाही, अशी गावाची खात्री होती म्हणे. पुढे तो पॅरिसला गेला आणि १८४६ साली त्याने सॅक्सोफोनचं पेटंट घेतलं. पितळेची नळी, पण तोंडाशी क्लॅरोनेटसारखी बोरूच्या जातीच्या काडीची पातळ पट्टी. तिला रीड म्हणतात. आवाज त्या पट्टीच्या थरथरण्यातून निघतो, म्हणून आख्खं वाद्य पितळेचं असूनही त्याची नोंद लाकडी वाद्यांच्या खात्यात होते. आमच्याकडे अशी नोंद सापडली असती तर ऑडिटरने लाल पेन्सिल काढली असती.

पॅरिसच्या बाकीच्या वाद्यवाल्यांनी साक्सवर खटल्यांमागून खटले भरले. १८५२, १८७३ आणि १८७७ अशी तीन दिवाळी काढून १८९४ साली तो वारला. असा कर्जदार आमच्या मॅनेजरसाहेबांच्या वाट्याला आला असता तर साहेबांनी मुदतपूर्व निवृत्ती घेतली असती.

मला हवा होता तो मास्तर मात्र या खात्यात सापडला. साक्सला आधार दिला तो सैन्याने. १८४५ साली पॅरिसच्या एका मोठ्या मैदानावर जुन्या पद्धतीचा बँड आणि साक्सच्या वाद्यांचा बँड यांचा सामना लावला होता. हजारो लोक जमले, साक्स जिंकला, आणि फ्रेंच फौजेने त्याची वाद्यं घेतली. १८५७ मध्ये तिथल्या सरकारी संगीत विद्यालयात सॅक्सोफोनचा वर्ग निघाला, शिकवायला खुद्द साक्स. पण वर्ग कुणासाठी? तर लष्करी बँडातल्या शिपायांसाठी. व्हायोलिन काखेत मारून येणाऱ्या घरंदाज मुलांचा या वर्गाशी संबंध नाही. १८७० साली प्रशियाशी लढाई जुंपली आणि वर्ग बंद पडला. तो पुन्हा कधी सुरू व्हावा? १९४२ साली! बहात्तर वर्षं त्या विद्यालयात सॅक्सोफोनला मास्तर नव्हता. मला धोबीतलावावर एका शनिवारी मिळाला नाही तर मी रुसून बसलो होतो. १९४२ ला जे मास्तर नेमले ते मार्सेल म्यूल, आणि तेही कुठून आले? पॅरिसच्या गार्ड रेपुब्लिकेन या पलटणीच्या बँडातून.

मधल्या काळात ज्यांना शिकायचं होतं त्यांनी काय केलं असेल? बोस्टनच्या एलिझा हॉल नावाच्या श्रीमंत बाईंचं मला फार कौतुक वाटतं. त्यांना ऐकू कमी येऊ लागलं, तेव्हा फुंकून वाजवायचं एखादं वाद्य शिका, असा सल्ला मिळाला. बाईंनी सॅक्सोफोन धरला. वय माझ्याच आसपासचं, किंबहुना थोडं पुढचंच. त्यांना मार्गदर्शक मिळाले ते ओबो वाजवणारे, जॉर्ज लाँजी. वाजवायला गतीच नाहीत म्हटल्यावर बाईंनी पैसे मोजून मोठमोठ्या संगीतकारांकडून त्या लिहवून घेतल्या. क्लोद देबुसीने पैसे आगाऊ घेतले आणि माल द्यायला वर्षानुवर्षं टाळाटाळ केली. १९१८ साली तो वारला. दुसऱ्या एका संगीतकाराने ते काम पुरं केलं आणि १९१९ साली ती रचना लोकांसमोर आली. थकबाकी वसूल व्हायला किती धीर लागतो, हे आमच्या वसुली खात्याने बाईंकडून शिकावं.

समुद्र ओलांडून आपल्याकडे यावं तर इथेही सॅक्सोफोन बँडाच्याच दाराने आत आला. एक दार गोव्याचं. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातल्या चर्चच्या शाळांतून पोरांना स्वरलेखन वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवत. शिकवणारा तो मेस्त्री. नळ दुरुस्त करायचं कबूल करून चार दिवस न येणारा आपला मिस्त्री आणि तो मेस्त्री, दोघं एकाच पोर्तुगीज शब्दाची लेकरं. (पगार हा शब्दही त्यांचाच. बाकी त्यांनी काय केलं असेल ते असो, या एका शब्दासाठी मी त्यांचा ऋणी आहे.) ही पोरं मोठी होऊन मुंबईला येत, धोबीतलाव-माझगावच्या कुडांमध्ये, म्हणजे गावकऱ्यांच्या क्लबांमध्ये, ट्रंक ठेवून राहत आणि हॉटेलांत, नाचघरांत, पुढे सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात वाजवत. मिकी कोरिया यांचा बँड ताजमहाल हॉटेलात १९३९ ते १९६० वाजत होता. ते स्वतः सॅक्सोफोन आणि क्लॅरोनेट, दोन्ही वाजवत.

दुसरं दार पूर्वेचं. 'काश्मीर की कली'तल्या (१९६४) रफीच्या गाण्यात जो सॅक्सोफोन रडतो, तो मनोहारी सिंग यांचा. ते तयार झाले कलकत्त्याजवळच्या बाटानगरात, बुटांच्या कारखान्याच्या ब्रास बँडमध्ये! १९५८ ला ते मुंबईत आले. आपण ज्या कंपनीचे बूट शाळेत घासत होतो तिने हेही उद्योग केले होते, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. तिसरं दार दक्षिणेचं. कद्री गोपालनाथ यांचे वडील नादस्वरम वाजवणारे. मुलाने म्हैसूरच्या राजवाड्याच्या बँडात सॅक्सोफोन ऐकला आणि हट्ट धरला. मंगळूरला एक गुरू, मद्रासला दुसरे, ते टी. व्ही. गोपालकृष्णन, स्वतः गायक आणि मृदंगवादक. गमक ज्यातून निघत नाही असं ज्याला वाटत होतं त्या विलायती भोंग्यातून कर्नाटक संगीत काढायला गोपालनाथांना सुमारे वीस वर्षं लागली. १९९४ साली ते लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये वाजवून आले.

एवढं वाचून झाल्यावर मी दिवा मालवला, पण झोप येईना. पॅरिस झालं, गोवा झालं, बाटानगर झालं, म्हैसूर झालं. प्रत्येक खात्यात जमेला एकच नाव, बँडवाला. आणि एक खातं मी मुद्दाम उघडलं नव्हतं. ते आमचं.

गिरगावात आमच्या चाळीसमोर बँडचं दुकान होतं. भिंतीवर ढोल टांगलेले, खुंटीला लाल डगले, त्यांना सोनेरी गोट. दुपारी गिऱ्हाईक नसताना त्यातले एक काका पायरीवर बसून क्लॅरोनेट वाजवत. उन्हाळ्याच्या सुटीत मी कठड्याला टेकून ऐकत राही. एकदा त्यांनी खालूनच विचारलं, "शिकतोस का रे?" मी दोन जिने तीन उड्यांत चढून अण्णांना विचारायला गेलो.

अण्णा पेपर वाचत होते. पेपर खाली न घेता म्हणाले, "बँडवाला होणार आहेस का?"

अण्णा वाईट नव्हते. रेडिओवर सॅक्सोफोन लागला की तेच आवाज वाढवायला सांगत. दोष एकट्या अण्णांना देऊन माझी सुटका नाही. फुंकून वाजवायचं ते सगळं उष्टं, ही आपली जुनी समजूत. गावोगाव सनई वाजवायचं काम ठरावीक जातींकडे असे. सनईशिवाय लग्न लागत नसे आणि सनईवाला मांडवाच्या दारातून आत येत नसे. सतार शिकलेला मुलगा कलावंत ठरायचा, क्लॅरोनेट शिकलेला मुलगा वरातीत जायचा. आठवड्याभरात मला पेटीच्या क्लासला घातलं. तीन वर्षांत मी भूपापर्यंत पोचलो आणि तिथेच राहायला गेलो.

पुढे ताईच्या लग्नात अण्णांनी तोच बँड ठरवला. पाव तास घासाघीस केली. वरात झाल्यावर बँडवाल्यांची पानं सगळ्यांच्या पंक्ती उठल्यावर मागच्या जिन्याखाली मांडली होती. जिलबी वाढायला मी होतो. काकांनी मान वर करून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही. बहुतेक आणखी एक जिलबी वाढली असती.

पुढच्या शनिवारी मी गिरगावात गेलो. चाळीच्या जागी टॉवर उभा आहे. बँडचं दुकान मात्र होतं. पूर्वीच्या निम्मं. उरलेल्या निम्म्यात मोबाइलची कव्हरं मिळतात. काका जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांचा पुतण्या मास्टर आहे, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा. भिंतीवर ढोलांशेजारी मेरठचे दोन सॅक्सोफोन टांगलेले.

"लग्न कधी आहे, साहेब?" त्यांनी डायरी काढली.

"लग्न नाही. मला शिकायचंय."

त्यांनी डायरी मिटली. मला आपादमस्तक न्याहाळलं. "घरी यावं लागेल का शिकवायला?"

"नाही. मीच इथे येईन."

"इथे लोक बघतात, साहेब. रस्ता आहे."

"बघू देत," मी म्हणालो. छाती काढून म्हणालो खरा, पण तेवढ्यात टॉवरमधून कुणीतरी ओळखीचं बाहेर पडतंय का, ते मी बघून घेतलं. खोटं कशाला सांगू!

मास्टरांनी खुंटीवरचा सॅक्सोफोन उतरवला. त्याचं तोंड काढून नळाखाली धुतलं, पंच्याने पुसलं, आणि माझ्या हातात देता देता थांबले. "हे रोजच्या वापरातलं आहे हं, साहेब. पोरं वाजवतात. चालेल ना?"

"द्या," मी म्हणालो.

वरचे दात टेकवायचे, खालचा ओठ दातांवर गुंडाळून घ्यायचा, गाल फुगवायचे नाहीत. फुंकलं. काही नाही. पुन्हा फुंकलं. शेजारी कव्हर बदलायला आलेल्या बाईंनी दचकून स्वतःचा मोबाइल तपासला.

"निघाला की आवाज!" मास्टर म्हणाले. सॅक्सोफोन त्या मानाने सोपा, असा त्यांनी दिलासा दिला. खालच्या सप्तकातली बोटंच वरच्या सप्तकात चालतात, फक्त अंगठ्याखालची कळ दाबायची. क्लॅरोनेटला तसं नाही, तिथे वर गेलं की बोटांचा हिशेब बदलतो. "आमचे काका क्लॅरोनेटवाले. त्यांनी आधी आम्हाला तेच शिकवलं. म्हणायचे, अवघड आधी करा, सोपं आपोआप येतं. त्यांना शिकवायची लई हौस. समोरच्या चाळीतल्या पोरांनापण विचारायचे."

मी रीड नीट बसली आहे की नाही ते पाहू लागलो.

सहा महिने झाले. फी दीड हजार, रोख. मी यूपीआयचं सुचवलं तर मास्टर म्हणाले, बँकवाल्यांवर विश्वास नाही. लग्नसराईत क्लासला सुटी. पहिले दोन महिने नुसता एकेक सूर लांबवत होतो. आता एक आरती येते, तीही कुणी ओळखीचं बरोबर असेल तर ओळखू येते. गेल्या रविवारी मास्टर म्हणाले, "साहेब, तुळशीच्या लग्नानंतर एक वरात आहे, गल्लीतलीच. दोन माणसं कमी पडतायत. मागच्या रांगेत उभे राहा, नुसता सा धरायचा."

मी घरी विचारून सांगतो म्हणालो. सौभाग्यवती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "डगला धुतलेला असतो का विचारा."

धुतलेला आहे. काल घालून पाहिला. पोटावर दोन बटणं लागत नाहीत, ती सरकवून द्यायचं मास्टरांनी कबूल केलं आहे.